न फिरलेला रुपया

भारती घोडकेला नाण्यांचा नाद शाळेत लागला. नगरला मिशनच्या शाळेत ती सातवीत होती, तेव्हा बेंजामिन भिंगारदिवे सर त्यांना इतिहास शिकवायचे. धडा सुरू करण्याआधी सर कोटाच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढत, सोडत आणि आतली नाणी पहिल्या बाकावर देत. "बघा आणि मागे द्या. हातात धरायला घाबरू नका, तुमच्याआधी हजारो लोकांनी धरलंय," असं म्हणत.

त्या पुरचुंडीत १९११ सालचा चांदीचा रुपया होता. त्याची गोष्ट सर दर वर्षी रंगवून सांगायचे. पंचम जॉर्ज गादीवर आला आणि त्याच्या मुखवट्याचा नवा रुपया निघाला. राजाच्या झग्यावर, छातीपाशी, एक इवलासा हत्ती होता. पण नक्षी काढणाऱ्याने त्याची सोंड अशी काही काढली, की लोकांना ते डुक्कर वाटलं. "आता डुक्कर खिशात घालून कोण फिरणार?" सर विचारायचे आणि वर्ग हसायचा. मग ओरड झाली, सरकारने रुपये परत बोलावून वितळवले आणि पुढच्या साली नीट सोंडेचा हत्ती काढून नवा रुपया आणला. "दिसतंय ना डुक्कर?" असं सरांनी विचारलं की सगळ्या मुली एकसुरात "हो सर" म्हणायच्या. भारतीही म्हणाली होती. खरं म्हणजे त्या रुपयावरची राजाची छाती पार गुळगुळीत झालेली होती आणि हत्तीच्या जागी फुगीर ठिपका तेवढा उरला होता.

पुढे भारती शेवगावला एका बँकेत कॅशिअर झाली. लग्नही तिथेच झालं. नवरा महेंद्र जवळच्या साखर कारखान्यात केमिस्ट होता. घरात ते दोघं आणि महेंद्रची आई राहीबाई. पहिल्या पगारातून भारतीने नगरच्या सराफ बाजारात कांतीलाल मुथांच्या दुकानातून व्हिक्टोरियाचा एक रुपया घेतला आणि तिथून तिचा संग्रह सुरू झाला. मुथांचा धंदा चांदीच्या भांड्यांचा, पण मोडीत आलेली जुनी नाणी ते वितळवायला न देता बाजूला काढून ठेवत. भारती महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या रविवारी एसटीने नगरला जायची, आधी मुथांच्या दुकानी आणि मग सावेडीला सरांच्या घरी. सर तोवर निवृत्त झाले होते. आणलेलं नाणं ते आधी तळहातावर घेऊन वजन करत, मग अंगठ्याने चोळत आणि शेवटी चष्मा वर करून बघत.

अकरा वर्षांत तिचा एक जाडजूड अल्बम भरला. त्यात दीडशेच्या वर नाणी होती, सरांनी शोधून दिलेली एक अधेली, म्हणजे जुना अर्धा रुपया, त्यांतच. बहुतेक सगळी झिजलेली, काही पार सपाट, एक-दोन भोक पाडून गळ्यात घातलेली. सरांना तीच आवडायची. "जे नाणं कधी बाजारात गेलंच नाही ते नाणं कसलं? त्याला पदक म्हणा," ते म्हणत. नवी कोरी, करकरीत नाणी दामदुप्पट देऊन घेणाऱ्या लोकांची ते टिंगल करायचे. भारतीला त्यांचं पटायचं. निदान १९९५ च्या दिवाळीपर्यंत तरी पटत होतं.

त्या दिवाळीनंतरच्या रविवारी मुथांनी तिला आत गादीवर बसवलं. "मॅडम, आज जरा निवांत बसा," म्हणाले, आणि काळ्या मखमलीच्या तुकड्यावर दोन रुपये शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही १९११ चे. मुंबईच्या एका जुन्या संग्राहकाकडून आले होते. मुथांनी दिवा जवळ ओढला आणि भिंग तिच्या हातात दिलं.

भारतीने पहिला रुपया कडेने धरला आणि भिंगातून पाहिलं. राजाच्या छातीवर हत्ती होता. चार पाय, कान, पाठीवरची झूल. ठिपका नव्हता. तिने नाणं जरासं कलतं केलं, तर उजेडाचा एक पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा नाण्यावरून गोल फिरला. असं तिने कधी पाहिलं नव्हतं. झिजलेल्या नाण्यावरचा उजेड जागचा हलत नाही.

मग तिने दुसरा पाहिला. त्यातही हत्ती होता, तेवढाच स्पष्ट. राजाच्या गालावर आणि मिशीवर किंचित पॉलिश चढल्यासारखं वाटत होतं, आणि तो फिरणारा पट्टा मध्येच तुटत होता.

"हा अडीच हजार," मुथा दुसऱ्याकडे बोट करून म्हणाले. "आणि हा दहा."

"दहा हजार?"

"हो."

झिजलेला असता तर तोच रुपया मुथांनी तिला दोन-अडीचशेला दिला असता. भारतीने दोन्ही पुन्हा पाहिले. "या दोघांत फरक काय?"

"हा थोडा फिरलाय. कुणाच्या तरी खिशात महिना-पंधरा दिवस होता असं समजा. आणि हा फिरलेलाच नाही. टांकसाळीतून निघाला तो कुणीतरी तसाच कागदात गुंडाळून ठेवला."

"म्हणजे पंधरा दिवसांचे साडेसात हजार."

मुथा हसले. "भाव मी नाही ठरवला, मॅडम. असा थोडा फिरलेला मी तुम्हाला परत आणून देईन. वर्ष लागेल, पण देईन. असा न फिरलेला परत आणून देईन असं मी नाही म्हणणार."

त्या दिवशी ती सरांकडे गेली नाही. परतीच्या गाडीत तिसगाव येईपर्यंत तिच्या डोळ्यासमोर तो फिरणारा पट्टा होता.

महेंद्रला तिने रात्री जेवताना सांगितलं. कारखान्यात त्याचं कामच दर्जा लावायचं होतं. साखरेच्या प्रत्येक लॉटचा नमुना काढायचा, प्रमाणित नमुन्याच्या बाटल्यांशेजारी ठेवून दाणा आणि रंग पाहायचा, आणि मोठ्या दाण्याला एम-तीस, बारीक दाण्याला एस-तीस असं लिहायचं.

"आमच्याकडे मोठ्या दाण्याला क्विंटलमागे पंधरा-वीस रुपये जास्त मिळतात," तो म्हणाला. "पंधरा-वीस. चौपट नाही. आणि चहात टाकली की दोन्ही विरघळतात."

"साखर खायची असते. हे बघायचं आहे."

"बरं, बघायचं आहे. मग दुसऱ्यात हत्ती दिसत नाही का?"

"दिसतो."

"मग?"

राहीबाई भाकरी मोडता मोडता ऐकत होत्या. "म्हंजी त्यो रुपाया कुनी खर्चलाच न्हाई?" त्यांनी विचारलं. "मंग त्याला रुपाया कशापायी म्हनायचं?" सर बोलले असते तेच हे होतं, पण भारतीला हसू आलं नाही.

तिच्याकडे एवढे पैसे नव्हते. पुढचे दोन आठवडे ती बँकेत नोटा मोजत होती आणि मनात दुसराच हिशेब करत होती. तिसऱ्या रविवारी ती अल्बम पिशवीत घालून नगरला गेली. मुथांनी पानं उलटली, काही नाणी काढून पाहिली आणि सगळ्या अल्बमचे सहा हजार सांगितले. भाव वाजवी होता, हे तिलाही कळत होतं. वरचे चार हजार तिने बोनसमधून आणले होते.

"अडीच हजारांचा घेतलात, तर सगळा अल्बम तुमच्याकडेच राहील," मुथा म्हणाले. "मी विकणारा माणूस, तरी सांगतोय."

"नको," भारती म्हणाली. "दहाचाच द्या."

मुथांनी तो पारदर्शक पाकिटात घालून, पाकीट डबीत ठेवून तिच्या हातात दिला. अल्बम काउंटरवरच राहिला. दुकानाबाहेर आल्यावर तिला खांद्यावरची पिशवी इतकी हलकी लागली, की तिने दोनदा आत हात घालून डबी चाचपली.

तिथून ती सरळ सावेडीला गेली. सरांनी दार उघडलं, चहा टाकला, आणि नेहमीप्रमाणे हात पुढे केला. "काय आणलंस?" तिने डबी दिली. काय देऊन आणलं तेही सांगितलं.

सरांनी डबी उघडली नाही. "सगळा अल्बम?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

"बीडच्या बाजारातली ती अधेली? मी शोधून दिलेली?"

"ती पण."

सरांनी डबी टेबलावर ठेवली आणि बोटाने तिच्याकडे सरकवली. "हे तू जप. मला दाखवू नकोस. माझ्या हाताला घाम येतो, तुझे दहा हजार खराब व्हायचे." चहा झाला, पण बोलणं झालं नाही. नंतरचे सहा महिने भारती सावेडीला गेली नाही.

रुपया मात्र तिला सुख देत होता. रविवारी दुपारी, राहीबाई झोपल्यावर, ती खिडकीपाशी टेबल ओढायची, स्वच्छ धुतलेल्या हातांनी तो कडेने धरायची आणि उन्हात फिरवायची. महेंद्रने एकदा तिला विचारलं, की दुसरा का नाही घेतलास ते खरं सांग. तेव्हा तिने सांगितलं. ती पाच भावंडांतली चौथी. पुस्तकं थोरल्या बहिणीची, दप्तर भावाचं, गणवेश दोन बहिणींचा होऊन आलेला. वसतिगृहातली ट्रंकही कुणाची तरी होती, आतल्या बाजूला खडूने दुसऱ्याच मुलीचं नाव होतं. लग्नातली साडीसुद्धा बहिणीची होती. "मला त्याचं वाईट कधी वाटलं नाही," ती म्हणाली. "पण मुथांनी म्हटलं ना, की हा कुणी वापरलेलाच नाही, तेव्हा मला तो ठेवून यावंसं वाटेना." महेंद्रने मान हलवली आणि परत तो विषय काढला नाही.

१९९६ च्या मे महिन्यात पुण्याला नाण्यांचं प्रदर्शन भरलं. भारती पहिल्यांदाच अशा ठिकाणी जात होती. महेंद्रने रजा काढली आणि दोघं गेले. एका टेबलाशी एक वयस्कर गृहस्थ बसले होते. मोठमोठे व्यापारी त्यांना नाणी दाखवून दर्जा विचारत होते. रांग होती. भारतीचा नंबर आला तेव्हा तिने डबी पुढे केली. मनात थोडा अभिमान होता.

त्यांनी रुपया पाहिला, उलटा करून पाहिला, मग टेबलावरच्या दिव्याची मान वाकवून उजेड अगदी आडवा केला. "छान आहे," ते म्हणाले. "कितीला घेतलात?"

तिने सांगितलं.

"न फिरलेला म्हणून?"

"हो."

त्यांनी भिंग तिच्याकडे दिलं. "राजाच्या चेहऱ्यासमोरची मोकळी जागा बघा. उजेड आडवाच राहू द्या."

तिथे केसाहून बारीक अशा पाच-सहा रेषा होत्या, एकाच दिशेने गेलेल्या. इतक्या रविवारांत तिला त्या कधीच दिसल्या नव्हत्या.

"कुणीतरी कधीतरी मऊ कापडाने पुसलाय," ते म्हणाले. "एकदाच, पण पुसलाय. मी याला वरचा दर्जा देणार नाही. खालचा देईन. चार हजार, फार तर साडेचार." आणि पुढच्या माणसाकडे वळले.

भारती बाहेर येऊन एका बाकावर बसली. महेंद्र शेजारी बसला. ती डबी उघडून रुपया बघत राहिली. हत्ती होता तसाच होता. उजेडाचा पट्टाही फिरत होता. पण आता नजर आपोआप त्या रेषांकडे जात होती.

"सकाळी याचे दहा होते," ती म्हणाली. "आणि आता चार. याला काय झालं मधल्या वेळात?"

"याला काही नाही झालं," महेंद्र म्हणाला. "आमच्याकडे असंच होतं. दाणा मधलाच असला, तर सकाळच्या पाळीचा केमिस्ट एम लिहितो आणि त्याच पोत्याला मी एस लिहितो."

"मग काय करता?"

"तिसऱ्याला विचारतो. त्याचंही जुळलं नाही, तर खालचा लावतो."

"खालचा का?"

"वरचा लावला आणि व्यापाऱ्याने माल परत पाठवला तर? खालचा लावला की कुणी परत पाठवत नाही."

पुढच्या रविवारी ती मुथांकडे गेली. भांडायला नाही, पण गेली. मुथांनी दिवा आडवा धरून बराच वेळ पाहिलं. "रेषा आहेत," ते म्हणाले. "मला त्या टांकसाळीतल्याच वाटतात. पोत्यात नाण्यावर नाणं घासतं, तशा. मी वरचा म्हणून घेतला, वरचा म्हणून दिला, आजही वरचाच म्हणेन."

"मग दहाला परत घ्या."

मुथांनी दिवा बाजूला केला. मग म्हणाले, "मॅडम, पुण्यात ते तसं बोलले हे आता दहा जणांना माहीत झालं असणार. मी घेईन, पण सहाला. माझ्या डोळ्याला दहाचा दिसतो. माझ्या गिऱ्हाइकाला नाही दिसणार."

"आणि माझा अल्बम?"

"तो जानेवारीतच गेला. श्रीरामपूरच्या एकाने घेतला, सगळा एकगठ्ठा."

भारतीने रुपया दिला नाही. बाहेर पडली, आणि पाय आपोआप सावेडीकडे वळले.

सरांनी दार उघडलं तेव्हा दोघांनाही जरा अवघडल्यासारखं झालं. सर वाळले होते. तिने बसता बसताच पुण्याची सगळी हकिगत सांगितली. तिला वाटलं होतं, सर म्हणतील, मी सांगत होतो. पण 'कुणीतरी पुसलाय' हे ऐकताच सर खुर्चीत पुढे सरकले.

"पुसलाय?"

"असं ते म्हणतात."

"म्हणजे कुणाच्या तरी हातात होता की! घरात ठेवला होता, मधूनच काढून पुसायचा. लक्ष्मीपूजनाचा असेल." सरांचा चेहरा उजळला. "आण इकडे. आता बघतो मी."

त्यांनी हात लुंगीला पुसले, रुपया घेतला आणि आधी नेहमीप्रमाणे तळहातावर वजन केलं. भारतीने त्यांना अडवलं नाही. मग सरांनी तिच्याकडून भिंग घेतलं, खिडकीपाशी गेले आणि पाहू लागले.

बाहेर भाजीवाला ओरडत गेला.

"सोंड आहे," सर म्हणाले.

"हो सर."

"आखूड आहे. पण सोंडच आहे. ही काय, खाली आलीय आणि टोकाशी वळलीय." त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा भिंग लावलं. "हे डुक्कर नाही, भारती. हत्ती आहे हा."

"लोकांना तेव्हा डुक्कर वाटलं होतं ना, सर. ते तर खरंच आहे."

"त्यांना वाटलं, बरोबर. पण मी वर्गात सांगायचो ते पाहिल्यासारखं सांगायचो. दिसतंय ना, म्हणून विचारायचो." ते खुर्चीवर येऊन बसले. मग उठून आतून त्यांनी ती जुनी पुरचुंडी आणली, आपला रुपया काढला आणि तिच्या रुपयाशेजारी ठेवला. एकावर हत्ती, एकावर ठिपका. दोन्हीवर राजा तोच होता, साल तेच होतं. सरांनी दोन्हीकडे आळीपाळीने पाहिलं. "माझ्या रुपयाने दुनिया पाहिली," ते म्हणाले. "पण या रुपयावरून हत्ती दिसतो, हे मात्र खरं."

मग चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "मुथाकडे दुसरा होता म्हणालीस. अडीच हजारांचा. त्यात सोंड दिसत होती?"

"दिसत होती."

"एवढीच?"

"एवढीच."

सरांनी कप खाली ठेवला. भारतीला त्या क्षणी कळलं, की झिजलेल्या रुपयावरून त्या दुसऱ्यावर येताना जे जास्तीचे पैसे द्यायचे होते त्यात एक अख्खा हत्ती मिळत होता. आणि दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना जे साडेसात हजार दिले, ते ज्या गोष्टीसाठी, त्याच्या कोरेपणासाठी, दिले, ती गोष्ट आहे की नाही यावर दोन जाणकारांचं एकमत होत नव्हतं. ती असती, तरी ती आडव्या उजेडात आणि भिंगातूनच दिसली असती. उठताना ती म्हणाली, "सर, माझी ती अधेली गेली." सर म्हणाले, "जाऊ दे. अधेल्या पुष्कळ आहेत." त्यांचा आवाज कोरडा होता, पण ते फाटकापर्यंत सोडायला आले.

त्या दुसऱ्या रुपयाची तिने चौकशी केली. तो दिवाळीनंतरच्या महिन्यातच विकला गेला होता.

दोन वर्षं अशीच गेली. भारतीला संग्रह पुन्हा सुरू करायचा होता, पण पगारातून घरखर्च आणि राहीबाईंची औषधं भागवता भागवता हातात काही राहत नव्हतं. रुपया विकावा असं तिने ठरवलं. मुथांनी १९९८ च्या हिवाळ्यात एका गिऱ्हाइकाला तिचा पत्ता दिला. गोरक्षनाथ दारकुंडे म्हणून इंजिनिअर होते, मूळचे सोनईचे, नोकरीला पुण्यात. गावी आले होते, तसेच एसटीने शेवगावला आले.

माणूस साधा होता. राहीबाईंच्या पाया पडला, पाणी प्यायला, मग रुपया हातात घेतला. त्याला नाण्यांतलं कळत होतं. कडेने धरलं, फिरवलं, उजेडाचा पट्टा पाहिला आणि स्वतःशीच हसला. भिंगातून पाच मिनिटं पाहून म्हणाला, "मला पसंत आहे. बारा देतो."

महेंद्रने भारतीकडे पाहिलं. बारा म्हणजे तसा नवा अल्बमही भरला असता आणि वर काही उरलं असतं.

भारती म्हणाली, "एक सांगायचंय. पुण्याला प्रदर्शनात याला खालचा दर्जा दिला होता. चेहऱ्यासमोर रेषा आहेत म्हणून."

"कुठे?"

तिने दिवा आणून आडवा धरला. दारकुंडेंनी पुन्हा भिंग लावलं. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "हो," ते म्हणाले. "आहेत." मग रुपया खाली ठेवून म्हणाले, "मग बारा नाही जमणार. सहा."

"तुम्हाला आधी दिसल्या नव्हत्या," महेंद्र म्हणाला.

"आता दिसल्या ना."

चहा आला. दारकुंडेंनी तो घेतला नाही. रुपया उचलून ते खिडकीपाशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले. राहीबाईंनी मध्येच महेंद्रला खुणेने विचारलं, काय चाललंय म्हणून. त्याने हातानेच थांबा सांगितलं. चहावर साय धरली.

दारकुंडे परत आले. "मॅडम, मी आता रेषा सोडून बाकीचं पाहत होतो. मिशीचे केस पाहिले. हत्ती पाहिला. नाणं फार चांगलं आहे. तुम्ही सांगितलं नसतं, तर रेषा मला जन्मात दिसल्या नसत्या. अकरा देतो. जाऊ द्या, बाराच घ्या."

भारतीने रिकामी डबी त्यांच्यापुढे धरली. "नको," ती म्हणाली.

"का? मी माझी पहिलीच किंमत देतोय."

"तुम्ही तीनदा पाहिलंत. एकदा बारा म्हणालात, एकदा सहा. आता परत बारा म्हणताय. घरी नेल्यावर तुम्ही चौथ्यांदा पाहणार, पाचव्यांदा पाहणार. ज्या दिवशी रेषा दिसतील त्या दिवशी तुम्हाला माझं नाव आठवेल."

"आणि तुमच्याकडे राहिला तर?"

"मला रोजच दिसतात. त्याची सवय झालीय."

दारकुंडे हसले. मग त्यांनी गार झालेला चहा एका दमात प्यायला आणि सोनईची शेवटची गाडी निघून जाईल म्हणून उठले. महेंद्र त्यांना स्कूटरवर स्टँडपर्यंत सोडून आला.

"सांगायला कशाला गेलीस?" आल्यावर त्याने विचारलं. रागाने नाही.

"तो इतका खूश होऊन बघत होता ना," भारती म्हणाली. "मीही तशीच बघायचे." तिने टेबलावरचा दिवा बंद केला आणि ताटं घ्यायला आत गेली. विकायचं तिने खरोखर ठरवलं होतं, आणि बारा हजार दारातून परत गेले याचं तिला वाईटही वाटत होतं. ते वाईट वाटणं आठ-पंधरा दिवस टिकलं.

पुढच्या पगारात तिने मुथांकडून सातव्या एडवर्डचा एक रुपया घेतला. कान झिजलेला, किंमत चांदीपेक्षा थोडी जास्त. त्यानंतर महिन्याला एखादं, कधी तीन महिन्यांनी एखादं, असं चालू राहिलं. मुथा करकरीत काही आलं की अजूनही तिला बोलावून दाखवतात. ती भिंग लावून मनापासून बघते, किंमत विचारते आणि त्याच्या शेजारी ठेवलेलं थोडं फिरलेलं घेते.

दारकुंडे दर दिवाळीला बँकेत फोन करतात. "रुपया आहे का?" विचारतात. भारती आहे म्हणते. "विकायचा आहे का?" भारती म्हणते, अजून ठरलं नाही. मग ते विचारतात शेवगावकडे यंदा पाऊस कसा झाला, आणि ती सांगते.